घाटाखालची आठ रोमन नाणी

मी एक जुने रोमन नाणे आहे, अस्सल सोन्याचे. मित्रांनो, दोन हजार वर्षांपूर्वी टाकसाळीत माझ्यावर एक घण पडला आणि अंगावर तिबेरियस सम्राटाचे मुख उमटले. डोक्यावर पानांचा मुकुट, ताठ मान. मागच्या बाजूला डहाळी धरून बसलेली शांतीदेवी. सम्राट जिथे कधी गेला नाही, तिथे मी त्याचा दरारा नेला. पण मिरीच्या मोबदल्यात कल्याण बंदरात उतरलो, तेव्हा कोणीतरी त्याच्या गालावरच छिन्नी मारून सोने तपासले. इथे त्याला कोण विचारतो! पुढे नाणेघाटाच्या वाटेवर एका व्यापाऱ्याने आम्हा आठ भावंडांना मडक्यात घालून पुरले. तो परत आलाच नाही.

गेल्या वर्षी मुरबाडच्या त्याच उतारावर कंद खणताना पाड्यावरच्या गोमाची पहार मडक्याला लागली. त्याच्या बायकोने, बाईजाने, मला पदराने पुसले.

"अवो, ह्यो कोन राजा हाय? शालंतल्या सारिका बाईंना दाखवू, त्या सांगतील."

"राजाचा काय करायचा गो? सोनं ता सोनं!"

गोमाने सात भावंडे बाजारात नेली. सोनाराने ती मुशीत आटवली. सात चेहऱ्यांचा एक गोळा झाला. मी बाईजाच्या कनवटीला होतो, म्हणून वाचलो.

मग गोमाला खणण्याचे वेडच लागले. रोज तो उतार आत आत पोखरू लागला.

"पुरं करा. वरची माती सुटलीय," बाईजा म्हणाली.

"आजच्या दिस. मंग नाय."

दुपारी दरड खाली आली. पाड्यावरच्या माणसांनी हातांनी माती उपसली. गोमा सापडला तेव्हा त्याचे अंग गार पडले होते.

दिवसकार्य उरकल्यावर बाईजा सारिका बाईंबरोबर मला घेऊन तहसील कचेरीत गेली.

"एकच? बाकीची कुठे आहेत?" कारकुनाने विचारले.

"सात सोनारानं आटवली, सायेब. नि माजा मानूस मातीनं नेला."

कारकुनाने पहिले वाक्य तेवढे लिहून घेतले.

मित्रांनो, जुने नाणे सापडले तर तिथेच थांबा, जाणत्यांना सांगा. आम्ही वितळलो की आमची गोष्टही जाते. आणि आपले कोणी आणखी खणायला निघाले, तर नुसते सांगू नका, त्याचा हात धरा. कचेरीच्या पायरीवर बसून बाईजा सारिका बाईंना तेच म्हणत होती, "सांगितला मी, बाई. हात नाय धरला."