पिनांचा क्रम

मित्रांनो, मी एक जुना त्रिकोण आहे. भूमितीच्या वहीतला नव्हे, चिकलठाण्याच्या एका कंपनीतल्या संगणकातला. बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचे मी चिन्ह. मला पाच पिना, म्हणजे तारा जोडायची टोके आहेत: एक अधिक, एक उणे, एक बाहेर जाणारी आणि दोन विजेच्या. कंपनीतल्या मोतीराम सरांनी मला काढले तेव्हा सगळे म्हणाले, "काय देखणा काढलाय!" पुढे मी वर्षानुवर्षे इमानाने राबलो.

नव्या इंजिनिअर रत्नमालाताईंनी मला घेतले ते नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके टिपणाऱ्या चिपसाठी. ही त्यांची पहिलीच चिप. माझ्यासारखी चिन्हे जोडून त्यांनी नकाशा काढला. तो संगणकावर छान चालला. मग चिपवर प्रत्यक्ष तारा कशा जातील, ती मांडणी केली. मांडणीवरून संगणक जोडण्यांची यादी काढतो. तिला नेटलिस्ट म्हणतात. ती माझ्या पिनांना जोडून पुन्हा चाचणी घेतात. पण जोडताना संगणक नाव विचारत नाही. पंगतीतला वाढपी जसा ओळीने वाढत जातो, तसा तो पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी जोडत सुटतो.

नव्या सॉफ्टवेअरने यादीचा क्रम बदलला होता. माझ्या अधिकच्या जागी उणे आले. कुणी पाहिलेच नाही. ठोके दिसायचे तिथे सरळ रेघ उमटली.

"मांडणीच गंडलीय तुझी," ताईंचे साहेब शिवराज सर म्हणाले.

"सर, लई बारकाईनं बघितलं. तार न् तार जागेवर हाय."

"मग ठोके कुठं गेले? सगळं पुसून नव्यानं कर."

चांगली मांडणी ताईंनी स्वतःच्या हाताने मोडली. नवी केली, तीही मोडली. मी पडद्यावर समोरच होतो. माझ्याकडे बघा, असे ओरडावेसे वाटे. पण चिन्हाला तोंड कुठले? जीव तीळतीळ तुटत होता. चिप कारखान्यात धाडायची तारीख हुकली, कंपनीच्या हातचे ते काम गेले आणि ताईंची नोकरीही.

पुढे सत्यम नावाच्या नव्या इंजिनिअरने मला दुसऱ्या कामाला घेतले आणि पिनांचा क्रम यादीशी ताडून पाहिला. अधिक-उणे उलटे दिसताच तो चमकला. जुन्या साठ्यातून ताईंची पहिली मांडणी काढून, क्रम जुळवून त्याने चालवली. ठोके उमटले, अगदी स्वच्छ.

"सर, ताईंचं बरोबर होतं. त्यांना कळवू का?"

"आता काय उपयोग? गप बस," शिवराज सर म्हणाले.

सत्यम गप्प बसला. त्याने माझा क्रम तेवढा कायमचा नीट केला. आता पुन्हा माझे कौतुक होते, पण मला ते नकोसे वाटते.

मित्रांनो, कुणाचे काम मोडायला लावण्याआधी जोडणी तपासा. आणि चूक आपली निघाली, तर निदान त्या माणसाला जाऊन सांगा. रत्नमालाताई आता बजाजनगरात शिकवण्या घेतात म्हणे. आपल्याला चिपचे काम जमलेच नाही, असे त्या आजही सांगतात.