जाळीची जमीन

इलाबेन भचेच यांना आमच्या ऑफिसात बावीस वर्षं झाली होती. बडोद्यात, अलकापुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसायचो. कारखाना उभा राहण्याआधी तो कॉम्प्युटरमध्ये पायापासून टोकापर्यंत उभा करायचा, हे आमचं काम. त्या वर्षी इलाबेनच्या मानेला पट्टा होता आणि दर दोन तासांनी त्या डोळ्यांत थेंब घालायच्या. "अगं, सुट्टी घे," असं कोणी म्हटलं की म्हणायच्या, "घरी जाऊन तरी काय, सासऱ्यांचं अंथरूणच बदलायचं ना? इथे निदान बसून दमते."

दहेजच्या एका ॲसिड प्लांटचं काम त्यांच्याकडे आलं. सात मजले, सगळे लोखंडी जाळीचे. अशा जाळीवर सांडलेलं साचत नाही, हवा खेळते. पण आमच्या सॉफ्टवेअरला जमीन म्हणजे एक घट्ट लादी, एवढंच कळतं. आजवर आम्ही लादीच काढायचो आणि वरून आडव्या-उभ्या रेघा ओढायचो. कागदावर ती जाळी दिसायची. मॉडेलमध्ये आत शिरून पाहिलं की घट्ट पत्रा.

या वेळी प्लांटच्या मालकांनी लिहून पाठवलं, की जाळी जाळीसारखी दिसली पाहिजे, वरून खालचं दिसलं पाहिजे.

इलाबेननी आधी सरळ मार्ग धरला. प्रत्येक पट्टी खरीखुरी बसवली. तीन सेंटिमीटरवर एक पट्टी, दहावर आडवी सळी. दोन मजले झाले आणि मशीन बसलं. फाइल उघडायला चाळीस मिनिटं लागायला लागली. आमचे मॅनेजर प्रणवभाई मागे येऊन उभे राहिले.

"बेन, प्लांट बांधताय की स्वेटर विणताय?"

"विणलं असतं तर एव्हाना घालून झालं असतं," इलाबेन पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. आणि आठवड्याचं काम त्यांनी पुसून टाकलं.

मग त्यांनी लादीच अर्धी पारदर्शक केली. खालचं दिसायला लागलं खरं, पण मालकांच्या माणसाचा फोन आला, "काचेवर चालायचं का आमच्या लोकांनी?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी जाळीच्या एका तुकड्याचं काळं-पांढरं चित्र केलं. पांढरं ते लोखंड, काळं ते भोक. ते चित्र लादीला रंगासारखं चढवलं, की काळ्या जागी सॉफ्टवेअर लादी कापल्यासारखी दाखवतं. फाइल हलकी राहिली आणि जाळी आरपार दिसली. पण पट्ट्यांची दिशा प्रत्येक तुकड्याला वेगळी, त्यामुळे चित्र एकेक ठिकाणी हाताने फिरवावं लागायचं. सात मजल्यांना बारा दिवस गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी डबा उघडला, थेपला हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. "चावायचाही कंटाळा आलाय रे," मला म्हणाल्या.

मग मॉडेल दाखवायची बैठक झाली. मालकांची चार-पाच साहेब मंडळी आली आणि त्यांच्यासोबत रमणभाई वसावा नावाचे एक ऑपरेटर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. चालवणाऱ्यांनाही विचारायचं असा नियम होता म्हणून त्यांना आणलं होतं, विचारत कोणी नव्हतं.

प्रणवभाई माउस धरून मजल्यामागून मजला फिरवत होते. तिसऱ्या मजल्यावर पंपाजवळून जाताना रमणभाई म्हणाले, "साहेब, जरा थांबा. खाली बघा ना."

"खाली काय आहे, काका?"

"जाळीतून दिसतंय ते. तो नळ. नमुना घ्यायचा नळ ना?"

प्रणवभाईंनी माउस खाली वळवला. पंपाच्या पाइपचा जोड वर होता आणि त्याच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर, ॲसिडचा नमुना काढायचा नळ.

"तिथे दर दोन तासांनी माणूस उभा राहतो," रमणभाई म्हणाले. "मान खाली घालून बाटली भरतो. वरचा जोड कधी ना कधी गळतोच. मागच्या कंपनीत आमच्या कांतिभाईच्या मानेवर पडलं होतं. त्याला आता त्या बाजूला मान वळवता येत नाही."

 मग एक साहेब म्हणाले, "तेवढ्या जागी जाळीऐवजी पत्रा टाकू."

"पत्र्यावर साचेल, साहेब. मग वरचा माणूस घसरेल."

सगळ्यांनी इलाबेनकडे पाहिलं. त्यांनी मानेचा पट्टा सैल केला. "नळच हलवावा लागेल," त्या म्हणाल्या. "त्यामागे सहा पाइप हलतील. पाइप हलले की तुळयाही."

"किती दिवस?"

"नऊ."

काम द्यायची तारीख मात्र कोणी हलवली नाही.

मंडळी गेल्यावर प्रणवभाई त्यांच्या टेबलाशी आले. आवाज चढलेला नव्हता. तेही दमलेच होते. "बेन, पूर्वीसारखी घट्ट लादी असती तर बैठक अर्ध्या तासात संपली असती."

"संपली असती," इलाबेन म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याला घट्ट लादीतून काय दिसणार होतं, प्रणवभाई?"

प्रणवभाईंनी पडद्यावरचा तो नळ पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "पाइप मी बघतो. तुम्ही तुळया धरा." बोलल्याप्रमाणे त्यांनी चार पाइप स्वतः हलवलेही. पाचव्यावर कुठेतरी चुकले. ते इलाबेननी रविवारी येऊन निस्तरलं.

प्लांट सव्वा वर्षाने उभा राहिला. मालकांनी आम्हां सगळ्यांना पाहायला बोलावलं. जीपमधून उतरताना कळलं, की इलाबेन कधीच साइटवर गेल्या नव्हत्या. इतके मजले काढले, पण जाळीवर पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. हेल्मेटखाली साडीचा पदर कोंबून त्या रमणभाईंच्या मागून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या, खाली पाहिलं आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"रमणभाई, हे तर हलतंय!"

"हलत नाही बेन, खालचं दिसतं म्हणून तसं वाटतं," रमणभाई म्हणाले. "समोर बघून चाला. आम्हाला पण पहिला महिना उलटीच येते."

"असल्या जमिनीवर तुम्ही रोज आठ तास?"

"तीस वर्षं झाली."

खाली एक माणूस नमुन्याची बाटली घेऊन चालला होता. त्याचा नळ आता पलीकडच्या, अगदी कडेच्या खांबापाशी होता; तिथे वर मजला नव्हता, नुसतं आकाश. त्याने बाटली भरली, झाकण लावलं आणि वर न बघताच निघून गेला. इलाबेन त्याच्याकडे पाहत होत्या. काहीतरी बोलतील असं मला वाटलं.

"चला, उतरू या," त्या म्हणाल्या. "पाय थरथरतायत माझे."

परतताना जीपमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. भरूच आलं तेव्हा प्रणवभाईंनी पुढून वळून विचारलं, "चहाला थांबायचं का?" मी मान हलवून नको म्हटलं. कोणी त्यांना उठवलं नाही.