बंडीचं तेल माह्या तोंडाले

ज्या भट्टीत भाजून निघालो तिची आन घेऊन बोंबलून सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटा निघाला तं मले परत भट्टीत घालजा.

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक पॅड हाय. सध्या आंजी गावच्या मनोहररावच्या घरी माठाच्या तिवईखाली टेकण बनून पडलो हाय. राग नाई येईन तं काय होईन?

पाच वर्सं त्याच्या गाडीचं पुढचं चाक मी थांबवलं. पाय पडला का फिरती चकती घट्ट धराची, अन् स्वतः झिजाचं. ढोर आडवं आलं, धरलं. लोकं म्हनत, "मनोहरराव, ब्रेक कडक हाय तुमचे!" तो मिशीवर हात फिरवे. माहं नाव कोनी घेतलं नाई.

झिजून झिजून मी पापडावानी झालो. माह्या अंगाले पत्र्याची एक जीभ हाय. पॅड संपत आला का ते चकतीले घासते अन् किंचाळते. मी रोज किंचाळलो, "बदल मले!"

त्याची बायको चतुराबाई हुशार. म्हने, "अवो, गाडी काऊन रडून राह्यली? रूपराव मिस्त्रीले दाखवा ना."

"बंडीचं चाक वाजे तं बाबा आसाले एरंडीचं तेल पाजे. मिस्त्री कायले लागते?"

"बंडी थांबवाले बैल असतात! याले कोन हाय?"

ऐकते कोन! दोन्ही चाकं खोलून त्यानं माह्या तोंडात तेल ओतलं. मी चूप झालो. "पाह्यलं?" म्हने शहाणा.

दुसऱ्या दिवशी केळझरच्या देवळापासून गाडी उतारावर निघाली. चतुराबाईच्या मांडीवर वांग्याचं टोपलं. त्यानं ब्रेक दाबला. मी जीव तोडून चकती धराले गेलो, अन् साबनावानी सटकलो!

"थांबवा ना वो!"

"थांबतच नाई!"

हँडब्रेक ओढून त्यानं गाडी कुटाराच्या, म्हंजे ढोरायच्या भुशाच्या, ढिगात घातली. काचेवरी कुटारच कुटार. वांगे उडाले ते मागं थेट देवळाच्या पायरीवर, एकबी फुटलं नाई! चतुराबाई केसातलं कुटार झटकत म्हने, "पाजा! अजून पाजा तेल!"

रूपरावनं चाक खोललं अन् कपाळ धरलं. "मनोहरराव, हा कटकट नोयता करत, सांगून राह्यलता." त्यानं दोन्ही बाजूचे पॅड नवे टाकले, चकत्या धुऊन पुसल्या. मनोहररावनं मले दोन्ही हातात घेतलं अन् डोळ्यात पानी आनून म्हनला, "चुकलं बाप्पा माहं."

मित्रांनो, सकाळच्या ओलीनं ब्रेक वाजला तं दोन-चार दाबात चूप होते. खडा अडकला असन तं काढा. पन रोजच किंचाळला तं चाक खोलून पाहा, अन् खर्रखर्र आवाज आला तं गाडी तिथंच उभी करा. तेल मात्र कधीच नाई! जो ओरडते त्याचं तोंड बंद करू नोका, त्याचं ऐका.

आता आन घेतली हाय, तं सांगूनच टाकतो. कुटार खरं, वांगे खरे, चतुराबाईच्या शिव्या तं शंभर टक्के खऱ्या. ते माफीचं तेवढं मी जोडलं. त्यानं मले उचललं अन् सरळ तिवईखाली सरकवलं. माठ डुगडुगत होता म्हने.