थोर विदुषींचा अभिप्राय

मुंगीबाईंना खरं नाव होतं, पण जन्मभर मुंग्यांमागे फिरणाऱ्या बाईला कॉलेजात दुसरं काय म्हणणार? नोकरी कंत्राटी. वर्षअखेरीपर्यंत एक शोधनिबंध छापून आला तर कायम, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. निबंध तयार होता: वाटेत भेटलेल्या मुंग्या एकमेकींना निरोपबिरोप देत नाहीत, नुसत्या धडकतात.

नियतकालिकाचा नियम असा, की लेखक कोण हे परीक्षकाला कळता कामा नये. बाईंनी निबंधात आपल्या नावाचा मागमूस ठेवला नाही. यथावकाश अभिप्राय आला.

“लेखक नवखा दिसतो. मुंग्या निरोप देतात, हे एका थोर विदुषींनी कधीच सिद्ध केले आहे. त्यांचा निबंध आधी वाचावा.”

थोर विदुषी म्हणजे खुद्द मुंगीबाई! ऐन तरुणपणी लिहिलेला तो निबंध चांगलाच गाजला होता आणि साफ चुकला होता. तेच तर त्या आता सांगत होत्या.

“अगं, मग ती मीच म्हणून सांगून टाक की!” आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

“नाव सांगायचं नसतं, आई.”

“कमाल आहे. चोराचंसुद्धा नाव विचारतात.”

बाईंनी विदुषींचं म्हणणं मुद्देसूद खोडून निबंध परत पाठवला. परीक्षक खवळला. “लेखकाने पायरी ओळखून राहावे. निबंध त्या विदुषींनाच दाखवा. त्या म्हणतील तसे करा.”

संपादकांना परीक्षकांची कायमच चणचण. त्यांनी लेखकाचं नाव न बघताच निबंध रवाना केला आणि मुंगीबाईंचा निबंध तपासायला मुंगीबाईंकडेच आला.

“लिही, फार छान आहे, छापा!” आईला हसू आवरेना.

बाईंचाही हात शिवशिवला. खोटं कुठे होतं त्यात? मग त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहिलं, “लेखिका माझ्या फार जवळची आहे, त्यामुळे मला परीक्षण करता येणार नाही. मात्र माझा जुना निबंध चुकीचा होता. तो मी मागे घेते.” पाठवल्यावर त्यांना रडूच आलं. त्यांच्या नावावर तेवढं एकच तर होतं.

परीक्षकाचं उत्तर लगेच आलं. “चूक कबूल करायला मोठं मन लागतं. निबंध छापावा. लेखकाने मात्र शेफारून जाऊ नये, विदुषींचे जाहीर आभार मानावेत.”

“आता स्वतःचेच आभार मानू?” बाई वैतागल्या.

“मान की,” आई म्हणाली. “तिचे आजवर मानलेत कुणी?”