व्हिटकमसाहेबांचा पंखा

शिकागोला लागून असलेल्या सिसरोतल्या त्या टेलिफोनच्या कारखान्यात कामगारांचं मन ऐकायची खोली निघाली, तेव्हा रुझेनाला हसूच फुटलं. आजवर साहेबलोक घड्याळ घेऊन तिच्या बोटांचा वेग मोजायचे. आता म्हणे मन बघणार!

तरी ती गेली, टेबलावर शेजारी बसणाऱ्या ब्रोन्यासाठी. तारांना डाख देताना निघणारा धूर नेमका ब्रोन्याच्या नाकातोंडात जायचा. खोकून खोकून तिचा हात मागे पडत होता, आणि मागे पडणाऱ्या बाईला फोरमन सरळ दार दाखवायचा.

खोलीत मऊ खुर्ची, कॉफी आणि कोपऱ्यात गरगरणारा विजेचा पंखा. व्हिटकमसाहेब विद्यापीठातून आलेले, जिभेवर साखर.

"साहेब, आमच्या टेबलाला एक पंखा द्या. ब्रोन्या खोकून मरतेय."

"म्हणजे धुराचा तुम्हाला राग येतो."

"राग कसला? धूर येतो!"

"लहानपणी घरी वडील पाइप ओढायचे का?"

"माझा बाप कधीच मातीत गेला, साहेब. त्याला कशाला मध्ये ओढता?"

"बोला, बोला. मोकळं वाटेल."

"मला मोकळं नकोय, पंखा हवाय!"

साहेबांनी प्रेमानं मान डोलावली. ऐकायचं, करायचं मात्र काही नाही, असा त्यांना वरूनच हुकूम होता. रुझेनाला शिसारी आली. घड्याळवाला निदान उघड वैरी तरी होता. हा मेला काटा तसाच ठेवून वर फुंकर घालत बसायचा.

तिनं उठून भिंतीतली वायर उपटली आणि पंखा काखेत मारून थेट टेबल गाठलं.

"अगं बये, नोकरी घालवशील!" ब्रोन्या हादरली.

"तू आधी श्वास घे."

फोरमन धावून आला, पण मागोमाग आलेले साहेब म्हणाले, "राहू दे. काय होतं ते बघू या."

धूर पांगला. ब्रोन्याचा खोकला थांबला, हात चालू लागला, अख्ख्या टेबलाचं काम वाढलं. मग एके दिवशी व्हिटकमसाहेब हसत हसत आले.

"बघितलंत? तुम्ही मन मोकळं केलंत आणि काम वाढलं!"

"ते पंख्यामुळे, साहेब."

"तुम्हाला तसं वाटतं," साहेब मायेनं म्हणाले आणि पंखा बंद करून उचलला. "आता याची गरज नाही. शिवाय खोलीत बोलणाऱ्यांची गर्दी वाढलीय, फार उकडतं."

धूर पुन्हा टेबलावर उतरला. ब्रोन्याला जोराचा ठसका लागला.

दारापाशी साहेब थबकले. "अरेरे! यांनाही पाठवा ना बोलायला."