बापाची पाचशेरी

सरकारनं किलो आणला आणि म्हसावदच्या बाजारपेठेत जो तो एकमेकाच्या तराजूकडे चोरून बघायला लागला. वर्षभर जुनी-नवी दोन्ही वजनं चालतील, अशी दवंडी झाली. त्यानं तर संशय आणखीच वाढला. वजन बदलायचं ते कुणाच्या तरी फायद्यासाठीच, एवढं लोकांना पक्कं ठाऊक होतं.

किराणा दुकानदार चुनीलालला हे फार महागात पडलं. त्यानं हौसेनं शहाद्याहून शिक्का मारलेली चकचकीत वजनं आणली आणि गिऱ्हाईक समोरच्या शांतीलालकडे वळलं. शांतीलालकडे जुने शेर होते. दिवाळी तोंडावर आली तरी चुनीलालच्या डाळीच्या गोण्या तशाच भरलेल्या. ही दिवाळी अशीच गेली तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

"चुनी, हाई नवं माप माले नको," नर्मदाबाईनं तोंडावर सांगितलं. ती त्याच्या वडिलांच्या वेळची गिऱ्हाईक. "तुन्हा बापनी पाचशेरी काढ. देवमाणूस व्हता तो."

नवी वजनं आल्या दिवशीच चुनीलालच्या आईनं, तापीबाईनं, ती लोखंडी पाचशेरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली होती.

चुनीलालनं ठरवलं, चारचौघांसमोर एका पारड्यात पाचशेरी ठेवायची, दुसऱ्यात तेवढ्याच भाराची नवी वजनं. काटा सरळ दिसला की लोकांची तोंडं बंद. पण आधी आपण बघून घ्यावं, म्हणून भर दुपारी दार लोटून त्यानं तराजू उचलला.

पाचशेरीचं पारडं वर गेलं. त्यानं वजनं पुसली, पारडी बदलली. पाचशेरी वरच. मग त्यानं ती उलटी केली. बुडाच्या भोकात वजन पुरं करणारं शिसं असायला हवं होतं, तिथं काळं मेण भरलेलं होतं.

"माय, हाई मेण कोनी भरं?"

तापीबाईनं पाचशेरी त्याच्या हातून काढून घेतली, पदरानं पुसली. "दिवाळीले पूजा वरतून करतस," ती म्हणाली. "खाले कोनी पाहत नही."

इतकी वर्षं हिला ठाऊक होतं तर! चुनीलालला स्वतःच्या आईची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई पिशवी घेऊन हजर. नवं वजन लावलं तर ही जाणार. मेणाचं सांगितलं तर सगळं गाव जाणार, वर बाप चोर ठरणार. चुनीलालनं गुपचूप पाचशेरी आणली, तूरडाळ जोखली, पिशवीत ओतली. मग तूट भरून निघावी म्हणून वरून दोन ओंजळी टाकल्या. त्याला फार बरं वाटलं.

नर्मदाबाईनं पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हाई कसानी?"

"दिवाळी शे, काकी. ऱ्हाऊ दे."

"तुन्हा बापनी कधी एक दाना बी जास्ती टाका नही. तू कसाले टाकी ऱ्हायना? पाचशेरी मा तू काय तरी कयं!"

तिनं सगळी डाळ परत पारड्यात ओतली आणि तावातावानं रस्ता ओलांडून शांतीलालकडे गेली. तिकडून तिचा चढा आवाज येत राहिला. चार बाया वळून चुनीलालकडे बघू लागल्या.

उत्तर त्याच्या ओठांवर होतं. ते गिळताना त्याला रडू आलं. तापीबाई आतून आली, पाचशेरी उचलून पुन्हा देव्हाऱ्यात घेऊन गेली.