चाकांवरचा ओटा

ओव्हरसियरसाहेबांनी स्टेशनापलीकडच्या नव्या वस्तीचा नकाशा इतका देखणा काढला होता, की त्यात माणसं राहायला आली हाच काय तो बिघाड. रस्ते सुतासारखे सरळ, घरं एका रांगेत, आणि नियम कडक: रस्त्याच्या बाजूला कोणी ओटा बांधायचा नाही. बसायचं असेल त्याने वस्तीच्या टोकाला बागेत जाऊन बसावं. बागेत चार लोखंडी बाकं होती, चारही एकामागे एक. तिथे शेजारणीशी बोलायचं म्हणजे तिच्या अंबाड्याशी बोलायचं.

मी कय्युम, बैलगाड्या बनवतो. माझी गाडी खापर गावच्या बाजारापर्यंत कुरकुर न करता जाते. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. जुन्या गल्लीतलं घर पुरेना म्हणून मोठ्या हौसेने इथे आलो आणि माझ्या अम्माने, अख्तरबानोने, पंधरा दिवसांत त्या हौसेवर पाणी फिरवलं. तिची चाळीस वर्षं ओट्यावर गेलेली. लसूण सोलायचा ओट्यावर, जगाची उणीदुणी काढायची ओट्यावर, रडायचं तेही ओट्यावरच. इथे ती दाराच्या आत बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत राही. जेवण निम्म्यावर आलं.

"मी जुम्माले नईमाकडे चालनी," एक दिवस ती म्हणाली. "आठे बठाले जागा नही."

नईमाखाला म्हणजे तिची विधवा बहीण, जुन्या गल्लीत एकटी राहणारी. अम्मा गेली तर परत यायची नाही, हे मला ठाऊक होतं. वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. आईला बसायला जागा देता येत नाही, असला कसला मी कारागीर!

ओटा बांधायला बंदी होती, गाडी उभी करायला नव्हती. मी एक गाडी घेतली, फळ्या रुंद केल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि पुढून टेकू देऊन दारासमोर उभी केली. अम्मा चढून बसली. थोड्या वेळाने शेजारची कमलीबाई सूप घेऊन आली, मग तिची जाऊही आली. त्या दिवशी अम्मा दोन भाकरी जेवली.

गुरुवारी ओव्हरसियरसाहेब मोजायची फीत घेऊन हजर.

"हा ओटा आहे. काढून टाका."

"साहेब, ओट्याला चाकं असतात का?"

"गाडी असेल तर चालवून दाखवा!"

मी बैल जुंपले. "अम्मा, उतर."

"मी नही उतरस. आमनं बोलनं हुई ऱ्हायनं."

बाकीच्या दोघीही हलेनात. तेव्हा गाडी तिघींसकट, सुपासकट निघाली. वस्तीच्या टोकाला मी वळणार, तोच अम्मा म्हणाली, "आते जुनी गल्लीमा चाल."

मी बैल तिकडे वळवले. जुम्म्यापर्यंतही तिला थांबवत नव्हतं.

नईमाखाला तिच्या ओट्यावर बसली होती. गाडी थांबली, पण अम्मा जागची उठली नाही.

"वर चढ," ती बहिणीला म्हणाली.

"कोठे लई चालनी माले?"

"मन्हा घर. तू आठे एकटी, मी तठे एकटी. गाडीमा जागा शे."

खालाने आत जाऊन अंथरुणाची वळकटी आणि पानाचा डबा आणला, दाराला कुलूप घातलं आणि वर चढली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी परतीच्या वाटेवर एकदाही मागे वळलो नाही.

ओव्हरसियरसाहेब अजून आमच्या दारात उभेच होते. दीड तास ते या पायावरून त्या पायावर होत होते. त्यांच्या नकाशात तिथे बसायला जागाच नव्हती ना! अम्मा जरा सरकली.

"बठ रे भाऊ."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसले. कमलीबाईने मूठभर शेंगदाणे हातावर ठेवले.

"तुन्ही माय कोठे शे?" अम्माने विचारलं.

"गावी. दोनदा आणली इथे. क्वार्टरात करमत नाही म्हणते आणि परत जाते."

खाला चुकचुकली. साहेबांनी शेंगदाणे संपवले, फीत गुंडाळून खिशात घातली आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "कय्युमभाई, अशीच एक गाडी मला करून द्याल?"